बांधावर उभं राहून "मला माहीत नाही" म्हणायला शिकतोय

वेलीचा-सोबती | सोमवार, रात्री ९:५०

शेती विभागात न टाकता हा धागा मुद्दाम इथे टाकतोय. विषय बागेतून निघालाय, पण प्रश्न सगळ्यांना विचारायचा आहे.

मी दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत द्राक्षबागांना सल्ला देतो. एकोणीस हंगाम झाले. आमच्या कामात सल्लागार बांधावर आला की शेतकरी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, पानाकडे नंतर. आणि तोंडातून आकडा यावा लागतो: कोणतं औषध, लिटरला किती, कितव्या दिवशी. दोनदा "बघू" म्हटलं की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सल्लागाराची गाडी बांधाला लागलेली असते. अडखळायचं नाही, ही सवय मला पहिल्या दोन वर्षांतच लागली.

२०२५ चा उन्हाळा आठवा. मे महिन्यातच पाऊस लागला. मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच पोचला होता आणि आपल्याकडे सलग ऊन असं पडलंच नाही. ज्यांना बागेचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाशिकला द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे पुढे फळ धरणारी फांदी, तयार करायला, ऑक्टोबरची फळासाठी. पण फेब्रुवारीत जो घड तुम्ही खुडता, तो वेलीच्या पोटात ठरतो एप्रिल छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत. काडीवर जिथून कोंब फुटतो त्या डोळ्याच्या आत एक बारीकसा पांढरट उंचवटा असतो. त्याचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. डोळ्यावर ऊन पडलं, काडीत अन्नसाठा झाला, तर त्याचा घड होतो. आभाळ राहिलं, फुटींची दाटी झाली, तर तोच उंचवटा बाळीवर जातो, म्हणजे वेल ज्याने तारेला धरते तो तंतू बनतो. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच दिसतात.

त्या सप्टेंबरात एका बागेत गेलो. मालक माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मी त्यांना नाना म्हणतो. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. काडी पेन्सिलीएवढी जाड, तांबूस, शेंड्याकडे छान पिकलेली, वाकवली की कट्कन मोडणारी. नानांनी विचारलं, "सर, माल निघेल ना?" मी म्हणालो, "नाना, अशी काडी असताना काय चिंता करता? निघणार."

मला तेव्हा ते माहीत नव्हतं. काडी पिकलीय हे दिसत होतं. डोळ्यात घड आहे की नाही हे काडीच्या जाडीवरून कळत नाही, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही बोललो, कारण नानांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि ती घालवणं माझ्या हातात आहे असं मला वाटलं.

छाटणी झाली, डोळे फुटावेत म्हणून औषधाचं पेस्टिंग झालं, बाग एकसारखी फुटली. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पोंग्यात, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीत, घड दिसायला लागतात. सकाळी सातला नाना आणि मी एकाच ओळीत दोन बाजूंनी वाकून एकेक पोंगा बोटाने उघडून बघत होतो. बाळी. बाळी. गोळीघड, म्हणजे अर्धवट घड. बाळी. एक घड. बाळी. निम्मी ओळ झाल्यावर आम्ही बोलायचं थांबलो.

नाना रागावले नाहीत. ओळीच्या टोकाला दगडावर बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही माहीत नाही म्हणाला असता तर मी काडी तपासून आणली असती. निदान एक एकर तरी काडीवर जास्त डोळे ठेवून छाटली असती."

बरोबर होतं त्यांचं. छाटणीआधी काडी प्रयोगशाळेत दिली की सूक्ष्मदर्शकाखाली कितव्या डोळ्यावर घड आहे ते कळतं, आणि त्यानुसार कात्री कुठे लावायची ते ठरवता येतं. माझ्या खात्रीने त्यांची तीच संधी गेली. धीर द्यायला म्हणून बोललो आणि त्यांच्या हातातला पर्याय काढून घेतला.

आठ महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. यंदा ठरवलंय की जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणायचं. पण जमत नाही. जीभ अडते, छातीत धडधडतं. तुम्ही तुमच्या कामात, घरात हे कसं करता? उत्तर नसताना समोरच्यापुढे उभं कसं राहता? मनापासून विचारतोय.

पंचवटीकर | सोमवार, रात्री १०:३२

वाचलं. नानांचं वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. म्हणाली, आम्हाला तर "डॉक्टर किती वाजता येतील" हेसुद्धा माहीत नाही म्हणायची बंदी आहे. सविस्तर उद्या लिहितो.

गंगाघाट | मंगळवार, सकाळी ८:१५

आमचं भांडीबाजाराच्या कडेला तीन पिढ्यांचं दुकान आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईकापासून नातेवाइकांपर्यंत सगळे एकच विचारतात, "पाणी येणार का?" गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तो आकडा मोबाइलवर येतो. पण मधे शहराचं, नासर्डी नदीचं, नाल्यांचं किती मिळणार आणि रात्री वर किती पडणार, ते कोण सांगणार?

नाशिककर पूर मोजतो तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. वडिलांनी मला पाण्याचा अंदाज करायला कधी शिकवलं नाही. त्यांचा नेम एवढाच: मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की खालच्या फळीवरची पितळी भांडी वर न्यायची. कमरेला लागलं की वजनकाटा आणि वह्या माळ्यावर. छातीला लागलं की शटर ओढून घरी. हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरलेलं असायचं, डोकं शांत असताना. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी चढली तेव्हा आम्ही हेच केलं. २०१६ ला पाणी दुकानात शिरलं. लाकडी कपाट गेलं, माल वाचला.

तरुणपणी मला हा नेम भित्रेपणाचा वाटायचा. कमरेला पाणी लागून उतरलं, की सगळी भांडी पुन्हा खाली आणायची, दोन दिवस फुकट. वडील म्हणायचे, पाणी येणार की नाही ते गंगेला माहीत, आपण फक्त कमरेला काय करायचं ते ठरवायचं. तुमच्या नानांनी तेच मागितलं असं मला वाटतं. त्यांना भविष्य नको होतं, कमरेला काय करायचं ते हवं होतं.

डोंगळे | मंगळवार, दुपारी १:०५

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो, पण मला हा धागा टोचला.

मी निफाडकडचा. दोन एकर द्राक्ष, तीन एकर कांदा. २६ नोव्हेंबर २०२३ ची दुपार आमच्याकडे कोणी विसरणार नाही. गारपीट फार वेळ चालली नाही. थांबल्यावर बागेत गेलो तर मण्यांवर एका बाजूने काळपट ठिपके आणि खाली पानांचा हिरवा चिखल. म्हटलं, जाऊ दे, कांदा आहे. बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यातबंदी. लिलाव बंद पडले. ती बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर माझा लाल कांदा कधीच विकून झाला होता, मिळेल त्या भावाने.

आता मला सांगा, अनिश्चिततेची सवय करून घ्या हे कुणी कुणाला सांगायचं? ज्याचा पगार एक तारखेला येतो त्याला ही सवय परवडते. सोसायटीचा सचिव "माहीत नाही" हे उत्तर घेत नाही. मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर. मुलीची फी भरायची तारीख ठरलेली असते. आमच्या धंद्यात माहीत नसलेलं सगळं आमच्या अंगावर आणि ठरलेल्या तारखा सगळ्या दुसऱ्यांच्या. सल्लागार "माहीत नाही" म्हणून मोकळा होईल, त्याची गाडी निघून जाईल. मी कुठे जाऊ?

तुमच्यावर राग नाही सर. पण हेही लिहिलं गेलं पाहिजे.

सिडकोची-आई | मंगळवार, रात्री ११:२०

डोंगळेदादा, तुमचं वाचून हात थांबला होता. तरी लिहिते, कारण मला वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला फिटचा पहिला झटका आला. जेवता जेवता, वरणभाताचा घास तोंडात. मग दुसरा. आम्ही तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी ठामपणे सांगितलं, ताप डोक्यात गेला. त्याला ताप नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तितक्याच ठामपणे सांगितलं, मोबाइल जास्त बघतो. मी वर्षभर स्वतःला खात राहिले की मी त्याच्या हातात मोबाइल का दिला. घरातला टीव्हीसुद्धा बंद केला. झटके यायचे ते आलेच.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ईईजी, एमआरआय सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "कारण सापडत नाही. मला माहीत नाही, आणि पुढेही कदाचित कळणार नाही." मी रडले. मग त्यांनी सांगितलं की जगभरातल्या अपस्माराच्या निम्म्या रुग्णांमध्ये कारण सापडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. कारण न कळताही औषध लागू पडतं, बऱ्याच मुलांचे झटके थांबतात. आणि मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घट्ट धरून ठेवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना.

घड्याळ बघा. त्या दोन शब्दांनी मला उभं केलं. तोपर्यंत झटका आला की मी "असं का होतंय, असं का होतंय" एवढंच म्हणत असायचे. आता ओट्यावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ आहे, वही आहे. शेवटची नोंद एक मिनिट चाळीस सेकंदांची. तिला आता चौदा महिने झाले. पुन्हा येईल का? माहीत नाही. हे लिहिताना पोटात अजून कालवतं, सवय झाली असं मी म्हणणार नाही. पण रात्री झोप लागते.

ज्या दोघांनी मला खात्रीची उत्तरं दिली त्यांच्यामुळे माझं वर्ष गेलं. ज्या बाई माहीत नाही म्हणाल्या, त्यांच्याकडे आम्ही अजून जातो. वेलीचा-सोबती दादा, त्या म्हणताना नजर चोरत नव्हत्या. आणि पुढची तारीख त्यांनी तिथेच लिहून दिली. बहुतेक तिथेच फरक पडतो.

फळा-खडू | बुधवार, संध्याकाळी ६:४५

नववीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुढच्या पन्नास वर्षांतली ग्रहणं मिनिटासकट सांगतात. मग पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला नाशिकला पाऊस आहे का, हे का नाही सांगता येत?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, मला नीट माहीत नाही, गुरुवारपर्यंत वेळ दे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात प्रश्न लिहून भोवती चौकट काढली.

वाचलं ते असं. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवेचं एक साधं गणित चालवत होते. एक गणित पुन्हा मधूनच सुरू करायचं होतं, म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा भरला, ०.५०६. यंत्राच्या आत मात्र तो ०.५०६१२७ होता. फरक हजाराव्या भागाहूनही कमी. सुरुवातीला दोन्ही उत्तरं जुळली, मग हळूहळू फाटत गेली आणि शेवटी दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंधच राहिला नाही. हवा मुळातच अशी आहे. आज कितीही बारकाईने मोजा, राहिलेली बारीकशी चूक वाढत जाते. म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या पुढे अमुक दिवशी अमुक गावात पाऊस हे सांगता येत नाही. चंद्र-सूर्याच्या बाबतीत चूक इतक्या वेगाने वाढत नाही, म्हणून ग्रहण सांगता येतं.

म्हणजे माहीत नसणं दोन तऱ्हेचं आहे. एक, जे मला माहीत नाही पण कळू शकतं. दुसरं, जे कुणालाच कळू शकत नाही. नानांच्या काडीतला घड पहिल्या तऱ्हेचा होता, ब्लेड आणि सूक्ष्मदर्शक लागला असता. डोंगळेदादांची गारपीट सप्टेंबरात विचारली असती तर दुसऱ्या तऱ्हेची. या दोन्हींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो. पहिल्याला आपण नशीब म्हणून सोडून देतो आणि दुसऱ्यासाठी ज्योतिषी शोधत फिरतो.

निर्यातबंदी कोणत्या तऱ्हेची, याचा मी कालपासून विचार करतेय. ती हवा नाही, माणसांनी घेतलेला निर्णय आहे. तो आधी सांगता आला असता. तिथे डोंगळेदादांचा राग मला शंभर टक्के पटतो.

त्या मुलीने आता स्वतःची चौकट काढायला सुरुवात केलीय. वर्गाच्या फळ्यावर सध्या चार प्रश्न आहेत, त्यांतल्या दोनांची उत्तरं माझ्याकडे नाहीत.

वेलीचा-सोबती | गुरुवार, रात्री १०:१०

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. गंगाघाटकाकांचा गुडघा-कमर-छातीचा नेम वहीत लिहून घेतला.

डोंगळे भाऊ, तुमच्या कर्जाच्या तारखेला माझ्याकडे उत्तर नाही. ते तुम्ही म्हणता तसंच आहे, मी त्याला मुलामा देणार नाही. पण "माहीत नाही म्हणून मोकळा होईल" हे वाक्य लागलं, कारण तसे सल्लागार मी बघितलेत. माहीत नाही म्हटल्यावर काम वाढतं. काडी आणायची, तपासायची, पुन्हा फेरी मारायची. खात्रीने बोललं की पाच मिनिटांत पुढच्या बागेत जाता येतं. मी वर्षानुवर्षं तेच केलं.

आणि आमच्या धंद्याची खात्री किती कच्ची असते ते २०१० ला सगळ्यांनी भोगलं. घडनिर्मितीसाठी खरड छाटणीनंतर सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारायचो, वर्षानुवर्षं. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "एवढी वर्षं वापरतोय, काही होत नाही." एप्रिलात फवारलेल्या औषधाचे अंश पुढच्या फळात उतरतात का, हे आमच्यापैकी किती जणांनी तपासलं होतं? त्या वर्षी युरोपात मालात ते अंश सापडले, कंटेनर अडकले, आणि मार त्या शेतकऱ्यालाही बसला ज्याने फक्त आमचं ऐकलं होतं.

उलटंही सांगतो. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी आपण जे बोर्डो मारतो, मोरचूद आणि चुना, ते कुणी ठरवून शोधलेलं नाही. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी ते शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ साली बघितलं की डाऊनीने बाकीची बाग झडलीय आणि एवढ्याच ओळी हिरव्या आहेत. त्याला कारण माहीत नव्हतं. तो तिथे थांबला, विचारलं, प्रयोग केले, आणि १८८५ ला कृती प्रसिद्ध केली. मी तिथे असतो तर "रस्त्याकडेला ऊन जास्त मिळतं" असं सांगून पुढे गेलो असतो. खरंच गेलो असतो.

परवा नानांच्या बागेत गेलो होतो. खरड छाटणीला साठ दिवस झाले. नानांनी तोच प्रश्न विचारला, तेच शब्द, "सर, माल निघेल ना?" मी म्हणालो, "नाना, मला माहीत नाही. काड्या काढू." धडधड झाली, पण बोललो. नाना काही बोलले नाहीत, घरात जाऊन कात्री घेऊन आले.

प्रयोगशाळेत ते माझ्याबरोबर आले, हट्टाने. तिथल्या मुलीने डोळ्याचा उभा काप घेतला आणि नानांना म्हणाली, बघा आजोबा. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. पहिल्या काडीत चौथ्या आणि पाचव्या डोळ्यावर घड स्पष्ट. दुसरीत बाळी. तिसरीत तो उंचवटा नुसताच गोल. मुलीने कागदावर लिहिलं, "अनिश्चित". नाना म्हणाले, "म्हणजे याचं अजून ठरलं नाही." ती म्हणाली, नाही.

परतताना नानांनीच बेत केला. फुटी विरळ करायच्या, शेंडा मारायचा, डोळ्यावर ऊन पडेल असं करायचं. नत्र थांबवायचं. सप्टेंबरात पुन्हा काड्या. आणि ऑक्टोबरला तीन एकर एकदम न छाटता एकेक एकर पंधरा दिवसांच्या अंतराने, पहिल्या एकरात काय निघतं ते बघून पुढची कात्री. यातलं मी काहीच सुचवलं नव्हतं, फक्त शेवटी अंतर पंधराऐवजी वीस दिवस ठेवू म्हटलं, म्हणजे पोंगा बघून ठरवता येईल. नानांनी मान हलवली.

डोंगळे | शुक्रवार, सकाळी ६:३०

वाचलं. कर्जाचं मान्य केलंत, बरं वाटलं. बाकी माझं म्हणणं आहे तिथेच आहे.

माझ्या दोन एकराला आज ५८ दिवस झाले. बाग दाट झालीय, विरळणीला माणसं मिळाली नाहीत. मागच्या सल्लागाराने फोनवरच "ओके आहे" सांगितलंय. काड्या किती आणि कुठून घ्यायच्या? आणि तपासून जर काहीच धड कळलं नाही, तर?

वेलीचा-सोबती | शुक्रवार, सकाळी ७:०२

तर तसंच सांगेन भाऊ, आणि कागदावर लिहून देईन. रविवारी सकाळी येतो, आठच्या आत. बागेच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून पाच-पाच काड्या घेऊ. चांगल्या निवडून ठेवू नका, जशा असतील तशा. आणि शक्य झालं तर पूर्वेकडच्या दोन ओळी आजच विरळून घ्या, त्या आणि बाकीच्या वेगळ्या तपासू.